आजीची खडी, आईचे तीन हजार: सरकार आपलं नेमकं काय देणं लागतं?

माणदेशी_पोरगा

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांब आहे, सांभाळून घ्या.

परवा, म्हणजे 2024 च्या राखीच्या आधी, आईच्या खात्यावर लाडकी बहीण योजनेचे 3000 रुपये जमा झाले, जुलै आणि ऑगस्टचे मिळून. आई 58 वर्षांची, माण तालुक्यात गावी एकटीच असते. मेसेज आला तसा तिचा फोन: "बाळा, सरकारनं पैसं धाडलं रं." त्या पैशातून तिनं चष्मा करायला टाकला. दोन वर्षं सुईत दोरा ओवायला शेजारची पोर बोलवत होती, मला एका शब्दानं बोलली नाही. हे कळल्यावर मी बराच वेळ गप्प होतो.

त्याच रात्री आजी आठवली. 72 च्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. डाव्या अंगठ्यावर हातोडी बसून नख गेलं, नवीन आलं ते वाकडंच. ते नख पुढं करून ती आम्हाला सांगायची, "मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली, पण फुकट न्हाई. खडी फोडली आन् खाल्ली." (मिलो म्हणजे तेव्हा बाहेरून आलेली लाल ज्वारी, सुकडी म्हणजे कामावर वाटायचा पौष्टिक खाऊ.) सरकारचे उपकार झाले, असं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

दोघींनाही सरकारकडूनच मिळालं. मग एकीच्या बोलण्यात हक्क आणि दुसरीच्या बोलण्यात आभार, असं का? घाम गाळला म्हणून हक्क? मग ज्याच्यात घाम गाळायची ताकदच उरली नाही, त्यानं काय करायचं? पक्षाचं राजकारण नको, पण कुणी अभ्यास केला असेल, अनुभव असेल, तर मनापासून ऐकायचं आहे.

मोजमाप_वही

मी 1981 साली कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो. पहिली सहा वर्षं रोजगार हमीच्या कामांवरच गेली, तेव्हा या विषयावर मला बोललंच पाहिजे.

आधी एक दुरुस्ती. तुमच्या आजींनी खडी फोडली ती दुष्काळी कामावर. ती कामं सरकारनं उघडली म्हणून होती, बंद केली असती तर कुणाला दाद मागता आली नसती. 1973 च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसं होती. एवढी माणसं जगली, हे फार मोठं काम झालं. तरी कायद्याच्या भाषेत ती मदतच होती.

हक्क नंतर आला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: अंगमेहनतीला तयार असलेल्या माणसाला काम देणं हे राज्याचं कर्तव्य. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. अर्ज दिल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता.

कायद्यानं काय बदललं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बहुधा 83 चा उन्हाळा. तालुक्याच्या कचेरीत एका वस्तीवरच्या पंधरा-वीस बायका कामाची मागणी घेऊन आल्या. कारकून म्हणाला, ठेवा टेबलावर, बघतो. पुढं उभी असलेली म्हातारी कागद सोडेना. "तारीख घाल, शिक्का मार, मग ठेवते." तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण पंधरा दिवस त्या शिक्क्यापासून मोजतात हे तिला पक्कं माहीत होतं. कारकुनानं शिक्का मारला. बाराव्या दिवशी नालाबांधाचं काम निघालं, आणि मोजमापं घ्यायला मलाच पाठवलं.

मजुरी मोजमापावर असायची. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट तसाच सोडायचा, म्हणजे मूळ जमीन कुठवर होती ते कळतं. त्या खुंटाला टेप लावून खोली घ्यायची. बायका टेपकडे डोळ्यात तेल घालून बघायच्या. बाप्या आणि बाई, मातीचा दर एकच. शेतावर तेव्हा बाईला सर्रास कमी मजुरी मिळायची.

आणि पैसा कुठला? तुम्ही नोकरीला असाल तर पगारपत्रक काढा. व्यवसाय कर म्हणून महिन्याला 200 आणि फेब्रुवारीत 300 कापले जातात. हा कर 1975 साली रोजगार हमीसाठीच सुरू झाला. जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारनं आपल्याकडून घालायची, अशी रचना होती. शहरातल्या पगारदारानं दुष्काळी भागातल्या मजुराच्या कामाचा भार उचलायचा, हे महाराष्ट्रानं कायद्यात लिहून ठेवलं. देशाचा रोजगार हमी कायदा त्यानंतर कितीतरी वर्षांनी, 2005 मध्ये आला.

बागायतदार_तासगाव

विसापूरचं नाव निघालं म्हणून लिहितो, आमच्याच तालुक्यातलं. साहेबांचं पटतं, कारण आमच्या वडिलांच्या काळात रोजगार हमीवर झालेल्या पाझर तलावानं खालच्या विहिरींना पाणी आलं. काम झालं, मजुरी मिळाली, वर तलाव राहिला.

पण रोख वाटपाला माझा विरोध आहे. मी द्राक्षं करतो. औषधाच्या प्रत्येक बाटलीवर कर भरतो, डिझेलवर भरतो. राज्यानं माझ्याकडून पैसा घेतला तर रस्ता, पाणी, दवाखाना, शाळा एवढं चोख द्यावं. मालाला भाव आणि शेताला पाणी मिळालं तर गावातल्या कुणाला हात पसरायला लागणार नाही. एकाच्या कष्टाचं काढून दुसऱ्याच्या खात्यात टाकायचा अधिकार सरकारला कुणी दिला? हे मी रागानं विचारत नाही, खरंच विचारतो.

सेविका_ताई

दादा, तुमच्या कष्टाबद्दल आदर ठेवून बोलते. मी अंगणवाडी सेविका. जुलैभर नारीशक्ती दूत अ‍ॅपवर फॉर्म भरले. दिवसा सर्व्हर चालेना म्हणून रात्री अकरा-साडेअकराला भरायचे. एका बाईचं स्वतःचं बँक खातंच नव्हतं, सगळं नवऱ्याच्या नावावर. खातं उघडून पासबुक हातात आलं तेव्हा तिनं आपलं नाव तीनदा वाचायला लावलं. हे फुकटचं वाटप म्हणून सोडून देऊ नका.

पण मला झोप लागू देत नाही ती वेगळीच गोष्ट. आमच्या गल्लीत एक काकू आहेत, 61 वर्षांच्या, विधवा, मूलबाळ नाही. त्यांना संजय गांधी निराधार योजनेचे 1500 मिळतात. त्यासाठी वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला लागतो, शिवाय दर वर्षी हयातीचा दाखला. लाडक्या बहिणीला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही नको. काकूंना एका योजनेचे 1500 मिळतात म्हणून दुसरीत त्या बसत नाहीत. रक्कम तेवढीच, पण गावातली सगळ्यात निराधार बाई सगळ्यात जास्त कागद दाखवते. या वर्षी तर तीन महिने त्यांचे पैसेच आले नाहीत. कचेरीत दोनदा जाऊन आल्या. "येतील" म्हणून सांगितलं, कागदावर काही दिलं नाही. गुडघे गेलेत, बांधावर काम मागायला त्या कुठं जातील?

नागरिकशास्त्र_सर

मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो. मूळ प्रश्नाचं उत्तर सेविकाताईंच्या काकूंपाशी आहे असं मला वाटतं.

संविधानाचं कलम 41 वाचा. त्यात कामाचा हक्क आहे, आणि त्याच वाक्यात बेकारी, वार्धक्य, आजार, अपंगत्व यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्कही आहे. म्हणजे खडी फोडणाऱ्या आजी आणि गुडघे गेलेल्या काकू एकाच कलमात आहेत. घाम गाळणं ही हक्काची अट नाही. मात्र हे सगळं राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, आणि कलम 37 प्रमाणे त्यासाठी थेट न्यायालयात जाता येत नाही.

महाराष्ट्रानं त्या कलमातल्या कामाच्या हक्काचा कायदा केला. साहाय्याचा भाग शासन निर्णयांवर, म्हणजे सरकारच्या आदेशांवर राहिला. लाडकी बहीण 28 जून 2024 च्या शासन निर्णयानं आली. एक शासन निर्णय दुसऱ्यानं बदलता येतो, रक्कम आणि अटीही बदलता येतात. तुमच्या आईंच्या बोलण्यात आभार आला तो म्हणूनच. देणाऱ्याचं मन बदलू शकतं, हे घेणाऱ्याला आतून कळत असतं.

बाबासाहेबांना ही भीती आधीच होती. 1947 साली संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी आर्थिक रचना संविधानातच लिहावी अशी मांडणी केली, ती अशासाठी की बदलत्या बहुमताला तिच्यावर हात टाकता येऊ नये. ते तसं झालं नाही.

बागायतदारांचा प्रश्न मी वर्गात दरवर्षी घेतो. अमेरिकेतले तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिक यांनी 1974 साली कष्टाच्या कमाईवरचा कर वेठबिगारीच्या पंगतीला नेऊन बसवला. तर्क धारदार आहे. पण तो मानायचा तर बाग ज्या पाण्यावर, रस्त्यावर, बाजारावर उभी आहे ते कुणाच्या पैशानं उभं राहिलं हेही मोजावं लागतं. जोतीराव फुल्यांनी 1882 साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढं हाच हिशोब मांडला होता: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. काकूंनी जन्मभर साबण-काडेपेटी विकत घेतली. कर त्यांनीही भरलाच आहे.

बागायतदार_तासगाव

साबण-काडेपेटीचं बरोबर आहे सर. काकूंच्या पैशाला माझा विरोध नव्हता आणि नाही. पण ते कायद्यात बसवा, निवडणुकीत नको, एवढं माझं राहील.

माणदेशी_पोरगा

सगळ्यांचे आभार. पगारपत्रक काढून बघितलं. 200 रुपये, व्यवसाय कर. नऊ वर्षं नोकरी करतोय, ही ओळ एकदाही नीट वाचली नव्हती.

आईला फोन करून विचारलं, आपल्या गावात निराधारचे पैसे अडकलेलं कुणी आहे का? आहेत म्हणाली, वरच्या आळीला दोघी. सोमवारी रजा टाकली आहे. दोघींचा अर्ज दोन प्रतींत लिहून नेतोय, एक कचेरीत द्यायला, एक तारीख-शिक्का घेऊन परत आणायला. सेविकाताई, काकूंसाठीही तसाच करायचा असेल तर कळवा, मजकूर पाठवतो. मोजमाप साहेब, पाठवण्याआधी एकदा तुमची नजर घाला. कुठल्या तारखेपासून पैसे थांबले ते वरच लिहू की शेवटी?