जुनी जोडी, चौथा भाग: 'बॅड बॉइज : राइड ऑर डाय' शिळा का वाटत नाही?

प्रश्न (दुसरी_रीळ)
पहिला भाग १९९५ चा, मग २००३, २०२० आणि २०२४. साचा तोच: मयामी, पाठलाग, दोन पोलीस, बेधडक माइक आणि कुरकुऱ्या मार्कस. तरी दुसऱ्यात जो कंटाळा येतो, तो चौथ्यात येत नाही. पटकथेत नेमकं काय बदललं? गोष्ट फुटली तरी चालेल.

पटकथा_कच्ची
स्वभावांची अदलाबदल. माइकच्या लग्नातच मार्कसला हृदयविकाराचा झटका येतो आणि शुद्धीवर आल्यावर आपण इतक्यात मरत नाही, अशी त्याची खात्रीच पटलेली असते. अंगावर हॉस्पिटलचा झगा, आणि गडी थेट गच्चीच्या कठड्यावर! दुसरीकडे ज्याला कधी घाम फुटला नाही, त्या माइकला ऐन गोळीबारात धडकी भरते, हातपाय गळतात. विनोद जुनेच आहेत, फक्त आता सांभाळून घेणारा दुसरा आहे.

हे लिहिताना घोळ होतो तो दोन जागी. बदलाला कारण देणारा प्रसंग उशिरा आला की पात्रच खोटं वाटतं. तो पहिल्या १५ मिनिटांत हवा. आणि बदलाची किंमत शेवटच्या मारामारीत मोजावी लागली नाही, तर तो नुसता गंमतीचा तुकडा उरतो.

कॅप्टनची_खुर्ची
अदलाबदल मान्य, पण पाया तिसऱ्या भागात घातलाय. तिथे या दोघांचा साहेब कॅप्टन हॉवर्डला मारलं, आणि मारणारा आर्मांडो निघाला माइकचाच मुलगा. ओरडणारा साहेब या प्रकारच्या सिनेमाचं हक्काचं पात्र. त्याला घालवायला धाडस लागतं. चौथ्यात त्याच मेलेल्या कॅप्टनवर ड्रग्जवाल्यांशी संगनमताचा आळ येतो, म्हणजे खुर्ची रिकामी असूनही कथा तीच ओढते.

दुसरी गोष्ट रेजी, मार्कसचा जावई. २००३ मध्ये तो दारात उभा राहून या दोघांकडून घाबरवून घेणारा पोरगा होता. २०२४ मध्ये तोच, आता मरीन (अमेरिकी सैनिक) झालेला, मार्कसच्या घरात शिरलेल्यांना एकटा लोळवतो, आणि आपले दोन नायक लांबून घरातल्या कॅमेऱ्यांवर ते बघत बसलेले. एका विनोदाची परतफेड २१ वर्षांनी! जुन्या भागांतली किरकोळ पात्रं कागदावर काढा, ज्याच्या वाट्याला फक्त चेष्टा आली असा एकच निवडा आणि त्याच्या हाती काम द्या. चार-पाच परत आणलेत तर स्नेहसंमेलन होतं. तिसऱ्यातलं तरुण पथक थोडं तसंच झालं होतं. त्यातला रेफ चौथ्यात दिसत नाही, ते बरंच.

दुसरी_रीळ
आणि कॅमेरा? तिसऱ्या भागापासून आदिल एल अर्बी आणि बिलाल फल्लाह हे दिग्दर्शक आल्यावर चित्रण बरंच बदललंय.

चौकट_मोजणारा
शेवटच्या चकमकीत कॅमेरा नटाच्या अंगावर बांधल्यासारखा आहे: चेहरा स्थिर, मागची दुनिया हेलकावते, मग तोच कॅमेरा फिरून बंदुकीच्या दिशेने बघतो. स्नॉरीकॅम म्हणतात त्याला. करून बघायचं असेल तर लेन्स रुंद लागते, नाहीतर हातभर अंतरावर चेहरा मावत नाही. फार रुंद घेतली की नाक मोठं दिसतं. पट्टे सैल असतील तर चेहराही हलायला लागतो आणि सगळी मजा जाते.

पण यात विनोद घालू नका. टोमणा एकाने मारायचा आणि हसू दुसऱ्याच्या तोंडावर यायचं असतं, आणि तो दुसरा या चौकटीत नसतोच. भांडणाला दोघं एकत्र दिसणारा, शक्यतो न कापलेला शॉटच हवा.

लांबीही बघा: दुसरा भाग १४७ मिनिटांचा, तिसरा १२४, चौथा ११५. दुसऱ्याला सुमारे १३ कोटी डॉलर लागले, तिसरा साधारण ९ कोटींत झाला आणि तरी जास्त कमावून गेला.

पटकथा_कच्ची
लांबीचं अगदी खरं. कापायची वेळ आली तर आधी दुसरा पाठलाग कापा, गाडीत बसून चाललेली वादावादी नको. लोक तिच्यासाठीच येतात.