मदत हवी आहे: सेल्स अर्काने मरतायत की हायड्रोजन पेरॉक्साइडने?

नमस्कार मंडळी, मी नाशिकला एमएस्सी बायोटेकला आहे, प्रोजेक्ट द्राक्षाच्या बियांच्या अर्कावर चालूय, बिया पिंपळगावच्या बागेतल्या. हेला सेल्सवर (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सर पेशी) अर्क टाकला की २४ तासांत सेल्स गोल होतात आणि तळ सोडून तरंगायला लागतात, लॅबमध्ये सगळे खूश की कॅन्सरवर चालतंय, पण मला ते पटत नाहीये, कारण या बियांतली पॉलिफेनॉल्स डीएमईएममध्ये (सेल्स ज्यात वाढवतो तो द्रव मीडिया) आपोआप ऑक्सिडाइज होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, मग मारतंय कोण नक्की? शरीरात ऑक्सिजन इनक्युबेटरपेक्षा बराच कमी, शिवाय रक्तातल्या लाल पेशींमधलं कॅटालेज हे एन्झाइम पेरॉक्साइड लगेच फोडतं, म्हणजे डिशमध्ये दिसतं ते शरीरात होईलच असं नाही. त्यात मीडियात पायरुवेट असेल तर ते पेरॉक्साइड खाऊन टाकतं, म्हणजे मीडिया बदलला की रिझल्टही बदलणार.

एका सेटमध्ये कॅटालेज आणि दुसऱ्यात उकळून निकामी केलेलं कॅटालेज, असं करायचं ठरवलंय, फक्त पहिल्या सेटमध्ये सेल्स वाचल्या तर मारणारं पेरॉक्साइडच. तुम्ही मिलीला किती युनिट घेता? आणि सेल्स न घालता नुसत्या मीडियातलं पेरॉक्साइड मोजायला फॉक्स अ‍ॅसे (रंग बदलावरून पेरॉक्साइड मोजायची टेस्ट) चालेल का, की अर्काचा लालसर रंग रीडिंगमध्ये आडवा येईल? नाशिक-पुण्यात कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, सबमिशनच्या आधी हे नीट कळायलाच हवंय.