खर्रा खाणाऱ्या पेशंटचं तोंड उघडत नाही. खालची दुसरी दाढ कोरडी कशी ठेवायची?

नमस्कार. नागपूरला हिंगणा रोडला माझं छोटं दातांचं क्लिनिक आहे. एक खुर्ची, एक सक्शन, मदतीला एक ताई. पेशंट बहुतेक एमआयडीसीतले कामगार, आणि त्यांच्यात खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) खाणारे फार. सबम्यूकस फायब्रोसिसमुळे गाल आतून पांढरट, ताठ झालेले. तोंडात दोन बोटं जेमतेम जातात. "याच्यावर नाही उघडत जी," म्हणतात, आणि खरंच उघडत नाही.

अडचण खालच्या दुसऱ्या दाढेत कंपोझिट (दाताच्या रंगाचं, चिकटवून बसवायचं भरणं) भरताना येते. वरून गालातल्या पॅरोटिड या लाळग्रंथीच्या नळीची लाळ, खालून जिभेखालची. आतल्या बाजूचा कापसाचा रोल जीभ लोटून देते. एचिंग करून (दाताला आम्लाचं जेल लावून), धुवून, वाळवून इनॅमल खडूसारखं पांढरं दिसतं, आणि बाँड (चिकटवणारं द्रव्य) लावेपर्यंत कडेचा तो पांढरेपणा गेलेला असतो. लाळ पोचली! नुसती हवा मारून भागत नाही, परत एचिंग करावं लागतं.

रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून लाळ अडवणारी रबराची शीट, १८६४ पासून वापरात आहे, पण तो बसवायला तोंड तर उघडायला हवं. फोर्सेप्समध्ये धरलेला क्लॅम्प (शीट दाताला धरून ठेवणारी धातूची पकड) शीटसकट आत मावतच नाही. माउथ प्रॉप लावून जबरदस्ती मला करायची नाही. दाढ काढून टाकणंही पटत नाही. या लोकांना आधीच तिखट सोसत नाही, नीट चावता येत नाही. वाचू शकणारी दाढ वाचावी, एवढंच. कुणी असं काम नेहमी करत असाल तर कृपया सांगा.

प्रतिसाद १:
डॉक्टर, शीट आणि क्लॅम्प एकत्र नेऊ नका. आधी एकटा विंगलेस (बाजूचे पंख नसलेला) क्लॅम्प बसवा, मग मोठं भोक पाडलेली शीट त्याच्या कमानीवरून ओढून घ्या. कमानीला फ्लॉसचा दोरा बांधल्याशिवाय क्लॅम्प तोंडात न्यायचाच नाही. सटकून मागे गेला तर ओढून काढता येतो. लहान मुलांसाठीचा छोट्या डोक्याचा एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) घ्या, खूप जागा मिळते.
क्लॅम्प बसलाच नाही तर कंपोझिटचा हट्ट सोडा. ग्लास आयोनोमर हा भरायचा सिमेंट दाताला रासायनिकरीत्या चिकटतो, थोडा ओलावा चालवून घेतो. गालाला ड्राय अँगल (लाळ शोषणारा तिकोनी पॅड) लावा आणि भरल्यावर वरून व्हॅसलीन. रूट कॅनाल मात्र डॅमशिवाय नको.
आणि गालात चट्टा किंवा न भरणारी जखम दिसली तर भरणं राहू द्या, आधी मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात ओरल मेडिसिनला पाठवा.

धागाकर्ता:
मनापासून आभार, सर. विंगलेसमध्ये नंबर कोणता घेऊ? आणि एवढ्या तोंडात ब्लॉक (खालचा जबडा बधिर करणारं भुलेचं इंजेक्शन) कसा देता?

प्रतिसाद १:
डब्ल्यू८ए घ्या. त्याची टोकं हिरडीकडे वळलेली असतात, म्हणून हिरडीलाही भूल हवी. ब्लॉकसाठी वझिरानी-अकिनोसी पद्धत शिकून घ्या. तो तोंड मिटलेलं असतानाच देतात.