दम दिला म्हणून अणुयुद्ध टळलं?? जरा थांबा

गिरगावकर
काल उपनगरी_पक्याने टाकलं की १९६२ ला क्युबातल्या सोव्हिएत अणुक्षेपणास्त्रांवरून केनेडीने डोळे वटारले, सोव्हिएत प्रमुख ख्रुश्चेव्हने शेपूट घातली, विषय संपला, अणुबॉम्बवाल्याला दमच द्यायचा असतो. वाचून डोकं फिरलं. अरे २७ ऑक्टोबरला क्युबावर अमेरिकेचं यू-२ हेरविमान पाडलं, पायलट गेला, लष्करवाले हल्ला करा म्हणून मागे लागलेले. त्याच संध्याकाळी केनेडीचा भाऊ रॉबर्ट सोव्हिएत राजदूत डोब्रिनिनला गाठून काय सांगतो, तर तुर्कस्तानातली आमची ज्युपिटर क्षेपणास्त्रं काढतो, फक्त बाहेर बोलू नका. एप्रिल १९६३ पर्यंत काढली पण! वर क्युबावर चढाई करणार नाही हे वचन उघडपणे. याला दम म्हणतात का? याला मांडवली म्हणतात.

उपनगरी_पक्या
आणि मांडवलीला ख्रुश्चेव्ह बसला कशामुळे? केनेडीने क्युबाची समुद्रातून नाकेबंदी केली त्यामुळे. नुसती पत्रं धाडून ख्रुश्चेव्ह हलला असता होय? ज्युपिटर तशीही जुनाट झालेली. भंगार देऊन काम काढून घेतलं केनेडीने, तुम्ही त्यालाच माघार म्हणा.

मीनल_मुलुंड
तुमचं केनेडी-ख्रुश्चेव्ह चालू द्या, पण सोव्हिएत नौदलाचा अधिकारी आर्खिपोव्ह कुठाय यात? त्याच २७ तारखेला त्याची बी-५९ पाणबुडी क्युबाजवळ पाण्याखाली, आत जीवघेणा उकाडा, मॉस्कोशी संपर्क नाही आणि वर अमेरिकन नौदल सरावाचे बॉम्ब टाकतंय. बोटीवर अण्वस्त्रवाला टॉर्पेडो आहे हे अमेरिकेला माहीतच नाही. कॅप्टन भडकला होता, आर्खिपोव्हने त्याला थोपवला असं बोटीवरच्याच लोकांनी नंतर सांगितलं. पक्या, तिथे तुझ्या दमाने युद्ध लागायचं बाकी होतं.

दादरचे_नाना
क्युबा क्युबा काय लावलंय. त्याच आठवड्यात, २० ऑक्टोबरला चीन आपल्यावर चालून आला. त्याबद्दल एक अक्षर नाही! आणि संरक्षणमंत्री कोण, कृष्ण मेनन, तुम्हा उपनगरवाल्यांचाच खासदार. फेब्रुवारीत कृपलानींना पाडून निवडून दिलात, नोव्हेंबरात घरी. माझ्या आईने पाटल्या काढून दिल्या संरक्षण निधीला, पुन्हा करणं जमलंच नाही.

उपनगरी_पक्या
नाना, १९६२ ला माझा बाप चौथीत होता, मत कुठून देणार.

गिरगावकर
नाना, विषय अणुयुद्धाचा आहे.

दादरचे_नाना
विषय माघार कशी घ्यायची हाच आहे ना? मग चीनने २१ नोव्हेंबरला आपणहून युद्धबंदी का केली ते सांगा. तुम्हाला वॉशिंग्टनचं पाठ, नेफाचं, म्हणजे आजच्या अरुणाचलचं, नाव काढलं की गप्प.

बोरिवली_लोकल
मेननना एकट्याला बळीचा बकरा केलं. आजोबा त्यांच्या प्रचारात घरोघरी फिरलेले, मरेपर्यंत सांगायचे की माणूस फटकळ होता पण हुशार. सैन्याला पैसे कमी देणारं अख्खं सरकार होतं.

दादरचे_नाना
हुशार!! अहो म्हणून तर सह्याद्रीला धावावं लागलं हिमालयाच्या मदतीला. यशवंतराव नसते तर

बोरिवली_लोकल
यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तोवर चीनची युद्धबंदी जाहीर झालेली, तारखा बघा आधी. भक्ती नंतर.

दादरचे_नाना
तुझ्या आजोबांनी कोणाचा प्रचार केला ते तूच सांगितलंस, मी कशाला बोलू.

मीनल_मुलुंड
आजोबांवर कशाला जाता?? आणि नाना, तेव्हा चीनकडे बॉम्ब होता कुठे, पहिली चाचणी १९६४ ची. दोन्हीकडे बॉम्ब असताना मागे सरायचं म्हणजे समोरच्यालाही घरी जाऊन तोंड दाखवता आलं पाहिजे. आणि बोलायला तार हवी हो! डोब्रिनिनच्या तारा न्यायला तारवाला सायकलवरून यायचा, म्हणून तर ख्रुश्चेव्हने २८ ला निर्णय थेट मॉस्को रेडिओवर वाचायला लावला. १९६३ ला वॉशिंग्टन-मॉस्को थेट हॉटलाइन आली ती यातूनच. आपण आणि पाकिस्तान एवढे भांडतो पण दर १ जानेवारीला अणुप्रकल्पांची यादी एकमेकांना देतो, १९९२ पासून, कारगिलनंतरही चालूच. तारापूर, ट्रॉम्बे इथून किती लांब आहे ते बघा आणि मग दमाच्या गोष्टी करा.

उपनगरी_पक्या
बरं बाई, तुर्कस्तान मान्य, सायकलवालाही मान्य. मांडवली झाली. पण हात रिकामे असणाऱ्याशी कोणी मांडवली करत नाही, एवढं गिरगावकरांनी मान्य करावं.

गिरगावकर
रिकामे म्हणालं कोण? नाकेबंदी नको होती असं एक वाक्य दाखव माझं. पण केनेडीने हवाई हल्ला न करता नाकेबंदीच का निवडली? समोरच्याला विचार करायला चार दिवस मिळावेत म्हणूनच ना. तो दम नव्हे, सवड.

उपनगरी_पक्या
दम देऊन सवड दिली. लिही आता यावर वेगळा धागा.

दादरचे_नाना
नेफाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.