चर्चा : संकेतस्थळाचे काम फसते ते कोणामुळे?

हापूस बागायतदार (धागाकर्ता)

देवगड तालुक्यात आमची हापूसची बाग आहे. दलालाकडे न जाता पेटी थेट गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवावी, या विचाराने दोन वर्षांपूर्वी संकेतस्थळ बनवायला दिले. काम दिले डिसेंबरात आणि ते सुरू झाले मेच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे झाडावर शेवटची फळे उरली असताना. त्या वेळी सगळा राग मी बनवणाऱ्यावर काढला. परवा जुने निरोप वाचत बसलो, तेव्हा दिसले की त्याने जानेवारीतच फोटो आणि मजकूर मागितला होता आणि मी तो पाठवला एप्रिलमध्ये. पाच डझनांची पेटी कोणत्या शहरांत पाठवायची हे ठरलेले नव्हते, आणि पुण्याचा पुतण्या व मुंबईची मेहुणी यांनी पहिले पान तीन वेळा बदलायला लावले होते. म्हणून माझे मत असे की मजकूर, फोटो, दर आणि शेवटचा शब्द कोणाचा, हे ठरल्याशिवाय गिऱ्हाइकाने आगाऊ रक्कम देऊच नये. चूक बहुतेक वेळा आपली असते.

वेब कारागीर

आपला प्रामाणिकपणा आवडला, पण निष्कर्ष पटत नाही. मी बारा वर्षे हेच काम करतो. बागायतदाराने सगळे तयार करून आणायचे, तर आम्ही कशाचे पैसे घेतो? काय विचारायचे हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच विचारायला हवे. उदाहरणार्थ, पेमेंट गेटवे, म्हणजे संकेतस्थळावर पैसे स्वीकारण्याची सोय, सुरू करण्यासाठी मालकाचे पॅन आणि बँक खाते तर लागतेच, शिवाय संकेतस्थळावर अटी, गोपनीयता आणि परतावा यांची पाने असावी लागतात. आंब्यासारख्या नाशवंत मालाचा परतावा कसा द्यायचा, पेटीत चार फळे डागी निघाली तर पैसे परत करायचे की पुढच्या पेटीत भर घालायची, याचे उत्तर मालकच देऊ शकतो. मात्र तो प्रश्न पहिल्या भेटीत निघायला हवा, काम संपताना नव्हे. गिऱ्हाइकाची खरी चूक वेगळीच असते. तीन जणांकडून दरपत्रके मागवून तो फक्त खालचा आकडा पाहतो आणि त्या आकड्यात काय धरलेले नाही, हे विचारत नाही.

कायद्याचा वाचक

दोघांच्याही बोलण्यात लेखी कराराचा उल्लेख नाही, याचे आश्चर्य वाटते. पैसे दिले म्हणजे संकेतस्थळ आपले झाले, ही समजूत सर्रास आढळते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकराने नोकरीच्या कामात केलेली निर्मिती सामान्यतः मालकाची ठरते, परंतु स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या कोडचा, म्हणजे संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकीय सूचनांचा, पहिला मालक तो स्वतः असतो. गंमत अशी की मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांना हा नियम लागू होत नाही. वेगळा करार नसेल, तर ती काढून घेणाऱ्याची. म्हणजे आंब्याचे फोटो आपले आणि ते ज्या चौकटीत बसवले ती दुसऱ्याची! हक्क आपल्याकडे यायचे तर कलम १९ प्रमाणे ते लेखी आणि सहीनिशी यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. दोन ओळी जास्त लिहिल्याने हे टळते.

पेठेतला दुकानदार

कलमे सांगून लहान माणसाला घाबरवू नये, असे मला वाटते. बहुतेक छोटी संकेतस्थळे वर्डप्रेस या तयार प्रणालीवर बनवलेली असतात, त्याचा गाभा खुल्या परवान्याखाली सर्वांना मोकळाच आहे; कोडसाठी कोर्टात जाणारा मिठाईवाला मी तरी पाहिलेला नाही. बुडतो तो डोमेनपायी, म्हणजे संकेतस्थळाच्या इंटरनेटवरच्या नावापायी. आमचे डोमेन बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर घेतले, त्याने व्यवसाय बदलला, फोन बंद झाला आणि नूतनीकरणाचे निरोप त्याच्या ईमेलवर जात राहिले. डॉट कॉम नाव मुदत उलटून रद्द झाले, तर साधारण तीस दिवस जास्तीचे शुल्क भरून परत मिळवता येते, मात्र तो हक्क नोंदीवरच्या धारकाचा, खोक्यांवर पत्ता छापून बसलेल्या दुकानदाराचा नाही. खोकी रद्दीत गेली. तेव्हापासून माझ्या लेखी करार दुय्यम आहे. डोमेन स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या मोबाइलवरच्या ओटीपीने घ्यावे, होस्टिंगचेही, म्हणजे संकेतस्थळ ठेवायच्या भाड्याच्या जागेचेही, तेच.

कायद्याचा वाचक

वर्डप्रेसचा गाभा मोकळा आहे हे मान्य, परंतु त्यावर आपल्यासाठी लिहिलेला मजकूर आणि काढलेली बोधचिन्हे त्या परवान्यात येत नाहीत. आणि डोमेन कोणाच्या नावावर असेल, ही अटही शेवटी करारातच लिहायची असते.

संशयी

मुळात हंगाम तीन महिन्यांचा. व्हॉट्सॲपवर दर टाकला की पेट्या संपतात, मग संकेतस्थळाचा खटाटोप कशाला? गरज नसताना ते बनवायला देणे हीच पहिली चूक, असे मी म्हणेन.

हापूस बागायतदार

व्हॉट्सॲपवर ओळखीचे लोक घेतात, अनोळखी माणूस मात्र आधी खात्री मागतो. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्याच प्रदेशातल्या मालाला ते नाव वापरू देणारी नोंदणी, मिळाले, तरी परप्रांतातला आंबा देवगडच्या नावाने विकला जातोच. बाग कुठे आहे आणि नोंदणी कोणाची आहे, हे सांगायला एक कायमची जागा लागते.

दुकानदारांचे वाचून काल नोंद तपासली. आमचे डोमेनही बनवणाऱ्याच्याच नावावर आहे आणि त्याची मुदत फेब्रुवारीत, पहिल्या पेट्या निघायच्या सुमारास संपते. हे मला दोन वर्षे ठाऊक नव्हते आणि त्याने सांगितलेही नाही, त्यामुळे सगळी चूक आपली हे माझे म्हणणे तेवढ्यापुरते मागे घेतो. मजकुराच्या बाबतीत मात्र ते कायम आहे. वेब कारागीर, आपण पहिल्याच भेटीत सगळे विचारले असते तरी डिसेंबरात मोहोर नीट आलेला नसताना मी दर काय सांगणार होतो?

वेब कारागीर

दर नको होता. दराची जागा रिकामी ठेवून तो रोज आपल्याला स्वतः बदलता येईल, एवढी सोय डिसेंबरात मागायची होती.