मदत हवी आहे: १.९ जीबीची अ‍ॅक्सेस फाइल कॉम्पॅक्टच होत नाही

प्रश्न
मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्रॅमची एसीसीडीबी (त्याची डेटाबेस फाइल) १.९४ जीबीवर गेली आहे. टेबलं, फॉर्म, रिपोर्ट सगळं एकाच फाइलमध्ये. खऱ्या नोंदी जेमतेम साडेतीन लाख. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (रिकामी जागा काढून फाइल दुरुस्त करणारी सोय) दिलं की अर्ध्यात थांबतं आणि फोल्डरमध्ये 'डेटाबेस१' नावाची अर्धवट फाइल उरते. मेक-टेबल क्वेरीला (निकालातून नवं टेबल बनवणारी क्वेरी) 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' हा एरर येतो. डिस्कवर ४० जीबी मोकळे आहेत.

प्रतिसाद १
क्वेरीत चूक शोधत बसू नका. अ‍ॅक्सेस फाइलची मर्यादा २ जीबी आहे. मेक-टेबलचं नवं टेबल त्याच फाइलीत बसायला जातं आणि जागा संपते, त्याचा हा एरर. मोकळ्या डिस्कचा इथे काही उपयोग नाही.

आधी फाइलची प्रत काढून स्वतःच्या मशीनवर घ्या, नेटवर्कवरून कॉम्पॅक्ट करू नका. मूळ फाइलशेजारी एलएसीसीडीबी (फाइल वापरात असताना बनणारी लॉक फाइल) दिसत असेल तर कुणीतरी ती उघडून ठेवली आहे. प्रत त्यानंतर, सगळे बाहेर पडल्यावर काढा.

प्रतीवरही अडलं, तर एखादं टेबल बिघडलेलं असणार. कोरी फाइल बनवून तिच्यात एक्स्टर्नल डेटातून एकेक टेबल इम्पोर्ट करा. सगळी एकदम घेतलीत तर कुठे अडलं ते कळणार नाही.

प्रश्नकर्ता
बाकी सगळी आली. फक्त 'नोंदवही' टेबल अडतं. त्यात 'शेरा' हा लाँग टेक्स्ट (लांबलचक मजकुराचा) रकाना आहे, काही ओळींत चिनीसारखी अक्षरं दिसतात.

प्रतिसाद १
मग चोर सापडला. मोठा लाँग टेक्स्ट ओळीत नसतो, वेगळ्या पानावर असतो. ओळीतला पत्ता बिघडला की असा कचरा किंवा '#डिलीटेड' दिसतं.

कोऱ्या फाइलीत या टेबलाची फक्त डेफिनिशन (नोंदींशिवाय नुसती रचना) इम्पोर्ट करा आणि जुनं टेबल वेगळ्या नावाने लिंक करा. अपेंड क्वेरीने (एका टेबलातल्या ओळी दुसऱ्यात जोडणारी) आयडीसकट बाकीचे रकाने आणा, 'शेरा' सोडून. आयडी अपेंडमध्ये दिला तर ऑटोनंबर (आपोआप पडणारा क्रमांक) जुनाच राहतो. मग 'शेरा' अपडेट क्वेरीने, ५०,०००च्या टप्प्यांत. जो टप्पा एररने अडेल त्याचे दोन भाग, पुन्हा दोन. सोळा-सतरा फेऱ्यांत नेमकी ओळ हाती लागते. तिचा शेरा रिकामा सोडा. टेबलं सुटी आणल्याने रिलेशनशिप (टेबलांमधले दुवे) तपासून पुन्हा जोडाव्या लागतील.

प्रतिसाद २
त्यानंतर टेबलं वेगळ्या बॅकएंड फाइलीत (फक्त डेटाची फाइल; फॉर्म, रिपोर्ट दुसरीत) काढा, नाहीतर काही महिन्यांनी पुन्हा हेच. ओळी डिलीट केल्या तरी जागा कॉम्पॅक्टशिवाय परत मिळत नाही, म्हणून रोज भरून रोज पुसायची तात्पुरती टेबलं तिसऱ्या फाइलीत ठेवा. ती फाइल सरळ उडवून नवी करता येते. ओएलई रकान्यात (टेबलातच फाइल साठवणारा रकाना) फोटो असतील तर ते फोल्डरमध्ये काढा, टेबलात फक्त पाथ ठेवा. जेपेगसोबत बिटमॅपही (त्याच फोटोची न दाबलेली मोठी प्रत) साठतो. २०० केबीचा फोटो काही एमबी खातो.

'कॉम्पॅक्ट ऑन क्लोज' (फाइल बंद करताना आपोआप कॉम्पॅक्ट) मात्र बंदच असू द्या. बॅकअप न घेता दर वेळी कॉम्पॅक्ट हा जुगार आहे.