मदत हवी आहे : पूजेची फुलझाडे आणि घरातील लहान मूल

आमच्या अंगणात लाल कण्हेर, बिट्टी म्हणजेच पिवळी कण्हेर, धोतरा आणि कुंपणावर चढलेली कळलावी अशी जुनी झाडे असून, श्रावणी सोमवारी शंकराला वाहण्यासाठी त्यांची फुले सासूबाई आजही स्वतः तोडतात. नातू आता रांगू लागला आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालतो, म्हणून हा प्रश्न विचारत आहे.

कण्हेरीच्या पानाफुलांसह सर्व भागांत आणि विशेषतः बिट्टीच्या बियांत हृदयाची लय बिघडवणारे विष असते, धोतऱ्याच्या बियांनी भ्रम होतो व कळलावीचा कंद तर जिवावर बेतू शकतो, एवढे मला ठाऊक आहे. (आमच्या पिढीने बिट्ट्यांचे खेळ मांडले, हे आठवून आता धडकी भरते.) बिट्टी काढून टाकण्याचे मी जवळजवळ ठरवलेच आहे. कण्हेरीबाबत मात्र मन होत नाही. तिच्याशी सासूबाईंची श्रद्धा जोडलेली आहे आणि उन्हाळ्यात फारसे पाणी न मागता फुलणारे दुसरे झाड आमच्याकडे नाही.

कण्हेर ठेवून फुले व शेंगा वेळीच काढणे पुरेसे ठरते का? झाड तोडल्यास फांद्या जाळायच्या नाहीत, कारण धूरही विषारी असतो. मग त्यांची विल्हेवाट कशी लावावी? शंकराला चालणारी पांढरी गोकर्ण लावण्याचा विचार आहे, पण तिच्या बियाही रेचक असतात, तेव्हा कोणी अनुभवाने अन्य पर्याय सुचवावा.